पायांवरचं न्हाणं

जळगावच्या हाडांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक नवरा-बायको हळू आवाजात बोलत होते.

“अहो, माझ्या मांडीचं हाड मोडलेलं नाही, मग आत सळई कशाला?”

“छातीतला कॅन्सर हाडात उतरलाय, पुष्पा. आतून पोखरलंय. मोडायच्या आधीच आधार द्यायचा, म्हणतात. घड जड झाला की आपण केळीला बांबू लावतो ना, तसंच.”

“अन् घड उतरवला की ती केळ कापून टाकतो.”

“असं बोलू नको.”

“बरं. पहाटे ना, स्वप्नात मी आपल्या रूपाच्या बाळाला न्हाऊ घालत होते. पाय लांब करून बसले होते, अन् पायांवर पालथं घेतलं होतं त्याला. वाफ एवढी, की तोंड दिसेना. अन् वजनच नव्हतं त्याला.”

“रूपाच्या बाळंतपणाला अजून अवकाश आहे. तोवर तू चालायला लागशील.”

“डॉक्टरांना एक विचाराल?”

“आजार बरा होईल का, तेच ना? विचारलं मी. सळईनं तो जात नाही म्हणाले.”

“ते नाही हो. सळई आतून गार असेल ना? बाळाला गार तर लागणार नाही?”