आईची विश्वसनीय सूत्रं

नाही, पण पुरावा म्हणजे आणखी काय आणायचं हो माणसानं? सांगा ना! उभा जन्म बातमीदारीत गेला माझा. भल्याभल्या मंत्र्यांना तोंडावर विचारलंय, 'कागद दाखवा!' आणि घरात आई रक्तदाबाच्या गोळ्या बंद करून बसली, तर तिला एक गोळी गिळायला लावता येईना!

का बंद केल्या? तर म्हणे, 'त्यानं किडन्या जातात.' म्हटलं, कोण म्हणालं? 'म्हणालं कुणीतरी.' अगं पण कोण? तर शांतपणे चष्मा पुसत पुसत, 'सूत्रांची नावं सांगायची नसतात. तूच म्हणायचास ना?'

घ्या!

सूत्र कोण, तर बागेतले काका. रोज बाकावर बसतात, एवढीच त्यांची पात्रता! म्हटलं, थांब. डॉक्टरांना घरी आणलं. ते बिचारे दंडाला पट्टा बांधून, आकडा दाखवून, 'आजी, अशानं मेंदूत रक्तस्राव होईल हो...' आई म्हणाली, 'त्यांना काय, गोळ्या खपवायच्याच असतात.' मग हजारो रोग्यांची पाहणी आणली, छापील. 'त्यात आपल्या ओळखीचं कोण आहे?' झालं! एका पारड्यात हजारो माणसं, दुसऱ्यात काकांची कुणी लांबची वहिनी, जी गोळ्या सोडून ठणठणीत आहे. वहिनी जिंकली! वहिनीला पाहिलंय कुणी? नाही! पुरावा म्हणजे आणखी काय आणायचं माणसानं?

म्हटलं, छापूनच टाकतो. डॉक्टरांची नावं, हुद्दे, पाहणी कुणी केली, कधी केली, सगळं दोनदा तपासून, वर माझं नाव. आईनं मथळा वाचला, नाव वाचलं, 'हे तर तूच लिहिलंयस!' म्हणाली आणि त्यावर लसूण सोलायला बसली.

दुसऱ्या दिवशी बाथरूमपाशी भिंत धरून उभी राहिली. डोळ्यांपुढे अंधारी. तरी गोळी नाहीच! बायको म्हणाली, 'अहो, तुमची तत्त्वं राहू द्या आता. त्यांना पटेल तसं सांगा.'

तुम्हाला सांगतो, बसलो फोन घेऊन. त्याच लेखातली चार वाक्यं घेतली. एक अक्षर खोटं घातलं नाही. फक्त डॉक्टर काढले, पाहणी काढली, माझं नाव काढलं... ज्यासाठी आयुष्यभर नव्या बातमीदारांवर खेकसलो, ते सगळं काढलं! वर तीन लाल दिवे, खाली 'सर्वांना पाठवा'. बायकोनं ते तिच्या योगाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडून दिलं.

संध्याकाळी आई फोन नाचवत बाहेर! 'बघ, काय आलंय! गोळ्या सोडल्या की मेंदूला धोका! पाणी आण आधी!'

'कुणी पाठवलं?'

'बागेतल्या काकांनी.'

'अगं, त्यांनीच ना सोडायला सांगितल्या?'

'मग? माणसाला नवीन काही कळू नये का?' गटकन गोळी गिळली. वर मलाच, 'तू एवढा पेपरात, तुला नाही सांगता आलं ते!'

पुरावा म्हणजे...

जाऊ दे. फोन घेऊन पाहिला. वाक्यं माझीच. वाटेत कुणीतरी खाली एक ओळ तेवढी जोडली होती, 'पेपरवाले हे कधीच छापणार नाहीत!'

आई माझ्याकडे बघत होती. 'खरंच रे, नाही ना छापत तुम्ही असलं?'

'नाही गं आई, नाही छापत,' म्हटलं, आणि सकाळच्या गोळीचं पाकीट तिच्या उशाशी ठेवलं.