धुरपताच्या चुलीवरचा चहा

—नाई, बोट लावून पाहा ना यशोदाबाई, गंजाच्या बुडाले बोट लावून पाहा. लागली काजळी? नाई ना? दोन वर्षं झाले गोबर गॅस घेऊन, बुडाले राख घासा लागली नाई. हा कॉक असा फिरवला, काडी दाखवली — भक्क! निळा जाळ. धूर नाई, फुकनी नाई, डोळ्याले पानी नाई. साऱ्या वडनेरात असा गॅस दुसऱ्या कोनाकडं नाई, सरपंचाकडं बी नाई. आपली कुंदा तं याच्यावर पाच मिनिटात — आपली म्हन्तो मी, अजून तं आमचीच हाये म्हना, तुमी पसंत केली का मंग तुमची. घाई नाई. पाहाले आल्या, पाहून घ्या. मानसं तिकडं ओसरीत पानसुपारी करून राह्यले, तुमचे चिरंजीव बी त्याहीच्यात बसले हायेत, त्याहीचं चालू द्या. तुमी आपल्या इथं पाटावर टेका. गिरडहून येष्टीनं आल्या, हिंगनघाटले गाडी बदलली, आंग आंबून गेलं असंन. चहा घ्या. थंडा होऊन राह्यला.

गॅस कुठून येते म्हन्ता? — नाई विचारलं? बरं, तरी सांगतो. शेनातून येते. ते मांगच्या दारातून दिसते ना, लोखंडी टाकी, उलटी घातलेली — खाली विहिरीत शेनकाला, गॅस झाला का टाकी आपोआप वर येते. कोठ्याकडं काय पाहून राह्यल्या? ढोरं पाहून राह्यल्या. पाहा. दोन बैल आन एक गाय. म्हैस होती, मागच्या साली विकली. आता तुमीबी कास्तकाराच्या घरच्या, शेनाचा अंदाज तुमाले काय सांगा लागते — तीन ढोराच्या शेनावर एवढी टाकी वर कशी आली, असंच तुमच्या मनात आलं ना? येते. काऊन नाई येत? शेजारची धुरपता देते ना शेन. रोज नाई देत. तिले बी गवऱ्या थापा लागतात. देते कवाकवा.

ती? टिनाच्या दाराची खोली? ती न्हानी हाये. आंग धुवाची. — हो, ही इकडची बी न्हानीच हाये. दोन हायेत. एक पाहुन्यासाठी. — पाहुने येतात ना आमच्याकडं. चहा घ्या ना बाई, तुमी कपाले हात बी नाई लावला. तुमची नजर त्या दारावरून हालून नाई राह्यली. आता दारच दिसून राह्यलं तं मी काय झाकू? संडास हाये तो. पक्का बांधलेला. आन नाली... नालीचं काय, नाली जाते कुठंतरी. सारे जातात तशी जाते.

टाकीत जाते. घ्या. सांगितलं. शेनासंगं ते बी त्याच विहिरीत, आन त्याचाच हा निळा जाळ. वर्ध्याचा मिस्त्री म्हने, आई, गॅसले काय जातपात असते का, जाळ हाये तो, जळून चोख होते. त्याले म्हनाले काय जाते? त्याले थोडंच गावात राहाचं हाये!

ठेवली ना तुमी कपबशी दूर सारून? मले माहीत होतं. पन कुंदाची शपत घेऊन सांगतो बाई, हा चहा गॅसवरचा नाई. धुरपताच्या चुलीवरचा हाये. चिवडा बी तिच्याच घरचा, पोळ्या बी तिकडच्याच, तुरीचं वरन बी. सकाळपासून तिच्या चुलीपुढं बसली मी, आन कुंपनावरून एकेक भांडं इकडं घेतलं. गॅस तं नुसता तुमाले दाखवाले पेटवला. तुमच्या पोटात ह्या घरच्या जाळाचं काईच जानार नाई, तेवढी काळजी मी घेतली हाये.

आमी? आमी खातो ना. कुंदा खाते, तिचे बाबा खातात, दोघं बी चांगले धडधाकट हायेत. मी... मी बी खातो. मले जरा गॅसवरची भाकर कच्ची लागते, म्हनून माह्यापुरत्या दोन भाकरी वाडीत तीन दगड मांडून टाकतो. कापसाच्या पऱ्हाट्याच्या धुरात. डोळे लाल दिसत असतीन माहे, ते त्याचेच. खोकला बी त्याचाच. संडास जोडला तवापासून. घरात कोनाले बोलली नाई मी, नुसतं कच्ची लागते म्हनून सांगितलं. कुंदाले समजलं असंन. पोरगी हुशार हाये.

आमचं काई हौसेचं काम नोतं बाई. आमची गोदरी म्हन्जे हा मोठा रोड, नागपूर-हैद्राबादचा. बाया लोटा घेऊन रोडच्याच कडेले जातात, दुसरी जागाच नाई — इकडं वावरं, तिकडं नाला. पयले एखादी गाडी याची. आता ट्रकामांगं ट्रक. अंधार पडला का बसतात, ट्रकाचे दिवे आले का बाया उभ्या राहतात, ट्रक गेला का बसतात, पुन्हा दिवे, पुन्हा उभ्या. पदर तोंडावर. तोंड झाकलं का बाईले वाटते, लाज राह्यली. मागच्या साली एका ट्रकवाल्यानं गाडी थांबवली. काई केलं नाई त्यानं, खाली बी नाई उतरला. नुसते दिवे चालू ठेवले, हॉर्न वाजवत बसला आन हसत राह्यला. अकरा-बारा बाया उभ्या त्या उजेडात. हालता येईना. त्याच्यात आमची कुंदा होती.

त्या दिवसापासून पोरीनं रातची भाकर सोडली. दुपारपासून पानी बी नाई प्याची. मले वाटलं सोमवार धरला असंन — सोमवार का रोज असते? आई असून मले समजलं नाई, बापाले समजलं. त्याहीनं मले विचारलं बी नाई, बजारात म्हैस नेली, विकली आन संडास बांधला. मंग म्हैस गेली तं शेन कमी पडलं, टाकी वर येईना, तं मिस्त्रीनं सांगितलं, संडास जोडा. अशी सारी गोष्ट हाये. आन मी काय केलं? दोन न्हान्या हायेत म्हनून गावात सांगत फिरली. आज सकाळी कुंपनावरून गंज घेताना कुंदा मले म्हने, आई, तुले त्या रोडची लाज नाई वाटली तेवढी ह्या पाइपाची वाटते. मी तिच्यावर डोळे वटारले. पाहुन्यासमोर तोंड उघडशीन तं पाहा, म्हनलं. आन उघडलं कोनं, तं मीच. लाज वाटून राह्यली मले बाई. तुमची नाई, पोरीची. — कुंदे, दाराआड उभी हाये ना? ये अशी समोर. ऐकलंच हाये तुनं सारं.

उठल्या तुमी? मी अडवत नाई. बाहेर मानसाईले काय सांगाचं ते सांगा, पत्रिका जुळत नाई म्हना, मुलीची उंची कमी हाये म्हना, पन ह्या टाकीचं नाव नका घेऊ, पोरीले दुसरीकडं बी — काय? नाई आलं ऐकू. — कानात सांगा.

अवं माय! सकाळपासून? गिरडपासून? आन हिंगनघाटच्या ष्ट्यांडवर बी नाई? — हो ना, तिथं बी सारी मानसंच असतात. म्हनून तुमी चहा — म्हनून त्या दाराकडं — आन मी येडी, तुमाले बसवून पुरान सांगून राह्यली! कुंदे, बादली भर, आगुदर बादली भर! या बाई, इकडून या, ओसरीतून नका, वाडीतून. सांभाळून, चिखल हाये. कडी आतून लागते. लावून घेजा. तिकडं कोनी येत नाई. कोनीच येत नाई. सावकाश होऊ द्या.

...कुंदे. तो कप वत मोरीत. धुरपताचा चहा बी वत, सारा. जाळ चालूच हाये, त्याच्यावर गंज ठेव. दोन कप टाक. एक यशोदाबाईले, एक मले. — हो, मले. अशी पाहू नको माह्याकडं. पानी ठेव.