रबरी तळवे

केबलकारच्या रांगेत आफ्राच्या पुढे म्हातारा वेंडेल आणि त्याची बायको बुर्गल उभी होती. समोरच्या उताराची बर्फानं नुसती काच झालेली, आणि वेंडेलच्या पायात गुळगुळीत तळाचे, ठोकळ्यासारखे स्कीबूट.

“हे रबरी तळवे चढवा बघू बुटांवर,” बुर्गल म्हणाली.

“मी काय गाढव आहे, नाल ठोकून घ्यायला?”

“गाढव घसरत नाही.”

“चाळीस वर्षं स्की शिकवली. डोंगरावर एकदा पडलो नाही!”

“डोंगरावर नाही, बेकरीच्या पायरीवर पडलात. डॉक्टर काय म्हणाले? आणखी एकदा पडलात, तर स्की कायमची बंद.”

“लोक हसतील गं.”

“लॉइसभावजी घालतात. त्यांना कोण हसलं?”

“त्याचं नाव काढू नकोस. परवा वर पोचल्यावर तळवे न काढताच स्कीवर चढला. बूट स्कीत अडकेना, स्कीवरचा खटका बसेना. अर्धा तास!”

“अगंबाई! मग लक्षात कुणाच्या आलं?”

“तिकिटं तपासणाऱ्या बाईच्या.”

“आणि तुम्ही कुठं होतात?”

“त्याचा खटका दुरुस्त करत होतो.”

आफ्रानं मफलर तोंडावर ओढला.

“चाळीस वर्षं शिकवलंत म्हणे!” बुर्गल म्हणाली.

“स्की शिकवली, रबर नाही. आण इकडं. आणि वर गेल्यावर काढायची आठवण तू कर.”