पेलिकनच्या आतला माणूस

कोरल: आत्ताचा तो ब्रेट नव्हता.

नेरिडा: आई, ती पिशवी जरा तिकडे सरकव ना. ओले टॉवेल आहेत तिच्यात, माझी पँट भिजली सगळी.

कोरल: नेरिडा, मी काय म्हणतेय? आत्ता पेलिकनबरोबर फोटो काढला ना माझा, त्या पेलिकनच्या आत तुझा भाऊ नव्हता. दुसराच कोणीतरी होता.

नेरिडा: हळू बोल! बाबा तिथे चिप्सच्या रांगेत उभा आहे.

कोरल: त्याला तिथून ऐकू यायला तो काय वटवाघूळ आहे? घरात शेजारी बसून बोललेलं ऐकू येत नाही त्याला.

नेरिडा: अगं, ते सोंग आहे. एवढी पिसं, एवढं मोठं डोकं, आत घामाच्या धारा. दर वेळी सारखाच कसा वाटेल?

कोरल: सहा वर्षं मी त्या सोंगाला मिठी मारतेय. माझ्या पोराचं अंग मला कळत नाही होय? ब्रेट पाठीवर हात नाही ठेवत, मानेच्या मागे ठेवतो. आणि आधी मान वाकडी करतो, ती चोच मला लागू नये म्हणून. आज चोच धाडकन कपाळावर आपटली. वर मला टाळी द्यायला पंख पुढे केला! आईला कोणी टाळी देतं का असं?

नेरिडा: माझी जुळी कुठवर पोचली रांगेत बघून येते मी.

कोरल: बस खाली. अकरा वर्षांची घोडी झालीत ती, रोलर कोस्टरच्या रांगेत हरवत नाहीत. माझ्याकडे बघ. तुला माहीत आहे.

नेरिडा: आई...

कोरल: कुठे आहे तो?

नेरिडा: डार्विनला, पार देशाच्या उत्तर टोकाला. ईस्टरलाच गेला. एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम मिळालंय त्याला.

कोरल: ईस्टरला गेला. आणि मला हे आज कळतंय. तेसुद्धा एका परक्या पोराला कवटाळून झाल्यावर.

नेरिडा: त्यानं मला सांगितलं होतं, आईच्या कानावर घाल म्हणून.

कोरल: मग घातलंस का नाही?

नेरिडा: घातलं असतं तर तू आली असतीस का इथे? गुडघ्यांचं निमित्त काढून टुवुंबाला घरी बसली असतीस. तू नाही म्हणजे बाबा नाही. मग या दोन वांडांना घेऊन मी एकटीनं काय केलं असतं सांग? वर्षातली एवढी एकच सुट्टी मिळते मला.

कोरल: म्हणजे पिशव्या सांभाळायला कोणीतरी हवं होतं.

नेरिडा: तसं नाहीये.

कोरल: तसंच आहे. आपल्या घरची रीत आहे ना, इथे या पार्कात आलं की प्रत्येकानं आपली एक आवड सांगायची आणि बाकीच्यांनी कुरकुर न करता मागे जायचं. तुझं ते उलटंपालटं करणारं रोलर कोस्टर. तुझ्या बापाची ती पाण्यात कोसळणारी ओंडक्याची नाव. जुळ्यांचा लाटांचा तलाव. सगळ्यांच्या मागे मी उभी, तुमच्या चपला आणि चष्मे धरून. आणि मी काय मागते? पेलिकनबरोबर एक फोटो. त्याला तुम्ही हसता. आई लहान झाली म्हणता. हसा म्हटलं. तुमच्या हसण्याआड मला माझा मुलगा भेटतोय ना, मग हसा खुशाल.

नेरिडा: तो का गेला, ते नाही विचारलंस.

कोरल: का गेला?

नेरिडा: म्हणाला, मला आता आईला अशी मिठी मारवत नाही. ती येते, बिलगते, आणि मी आतून हूं की चूं करू शकत नाही. बोललो तर नोकरी जाते. मुखवट्याच्या आत नाकसुद्धा पुसता येत नाही, म्हणाला. ती गेल्यावर पुढच्या पोरांबरोबर अर्धा तास नाचायचं, तेही तसंच.

कोरल: हे मला का नाही सांगितलं त्यानं? फोन करायचा की मधूनमधून.

नेरिडा: तू ऐकतेस का? त्यानं काही मनातलं काढलं की जेवलास का, थंडी आहे का तिकडे, आणि मग बाबाची गाडी आली वाटतं, ठेवते. त्याची खोली इथून दहा मिनिटांवर होती आई. सहा वर्षांत एकदाही त्याच्या दारात गेली नाहीस.

कोरल: तुझ्या बापाला काय सांगून जाणार होते?

नेरिडा: माझ्या मुलाकडे जाते, असं सांगून. एवढं एक वाक्य तुला बोलता आलं नाही, म्हणून त्याला पेलिकन व्हावं लागलं.

कोरल: लागलं बरं का हे.

नेरिडा: लागू दे. मलाही लागलंय. दोघांचे निरोप इकडून तिकडे वाहून माझा जीव विटलाय.

कोरल: चर्चमध्ये त्या दिवशी तो उभा राहिला नसता तर यातलं काहीच झालं नसतं. आजोबांची शवपेटी समोर, अख्खं गाव बसलेलं. आणि हा सांगतो, हा माणूस मला शेडमध्ये नेऊन पाण्याच्या नळीनं मारायचा. त्या दिवसापासून तुझ्या बापानं त्याचं नाव टाकलं. मी मध्ये काय करणार होते?

नेरिडा: तो खरं बोलत होता की नाही, एवढं तरी विचारायचं होतंस. मला विचारायचं होतंस. मी शेडच्या बाहेर उभी असायची.

कोरल: गप. आला तो.

(नेव्हिल दोन्ही हातांत चिप्सचे पुडे घेऊन येतो. नेहमी कपाळावर आठ्या असतात, आज नाहीत.)

नेव्हिल: घ्या, गरम आहेत तोवर खा. व्हिनेगर वेगळं आणलंय, तुझ्या आईला चालत नाही. आणि तो पांढरा पक्षी बघा, चोच घालेल पुड्यात. हट्!

नेरिडा: बाबा, तू व्हिनेगर वेगळं आणलंस?

नेव्हिल: मग? कोरल, फोटो बरा आलाय. पण तू लगेच बाजूला झालीस आज. मी सावकाश म्हणत होतो ना? खाऊन झालं की परत जाऊ. परत काढू.

कोरल: परत? दरवर्षी आवर आवर म्हणून डोकं खातोस, मागे रांग लागलीय म्हणतोस.

नेव्हिल: आज नाही म्हणणार. जा आणि पोटभर भेट त्याला.

कोरल: कोणाला?

नेव्हिल: आता किती वेड पांघरशील! ब्रेटला.

कोरल: तुला... तुला माहीत होतं?

नेव्हिल: दुसऱ्या वर्षापासून. फोटो मीच काढतो ना? चाळीस वर्षांच्या संसारात मला कधी अशी बिलगली नाहीस. कापडाच्या पक्ष्याला कोण बिलगतं असं?

कोरल: आणि कॅमेरा डोळ्याला लावून गप्प उभा राहिलास! दरवर्षी! मी त्या पिसांत तोंड खुपसून रडतेय, आणि तू बटण दाबतोयस!

नेव्हिल: बघवायचं नाही म्हणून तर आवर म्हणायचो.

कोरल: बघवायचं नाही तर त्याला घरी बोलवायचं होतंस! दगड आहेस तू, नेव्हिल. नुसता दगड!

नेव्हिल: बोलावलंय.

नेरिडा: काय?

नेव्हिल: रविवारी जेवायला बोलावलंय. सकाळी तुमचं आवरत होतं तेव्हा मी फाटकापाशी गेलो होतो. दार उघडायच्या वेळी पेलिकन तिथे उभा असतो, येणाऱ्या पोरांना हात करत. गर्दी नव्हती. म्हटलं आज बोलायचंच. रात्रभर वाक्यं जुळवत होतो.

कोरल: काय बोललास?

नेव्हिल: जाऊ दे ना आता. खा.

कोरल: काय बोललास, नेव्हिल?

नेव्हिल: म्हटलं, तू चर्चमध्ये बोललास ते खरं होतं. म्हटलं, त्या नळीनं मीसुद्धा मार खाल्लाय. त्याच शेडमध्ये. तुझ्यापेक्षा लहान होतो. माझा बाप काय चीज होता हे मला माहीत होतं, आणि तरी दर सुट्टीत मी तुला त्याच्याकडे धाडत राहिलो. वाटलं, म्हातारा झालाय, हात थकले असतील. तू शर्ट काढायला लाजायला लागलास, तेव्हा कळलं होतं मला. पण विचारलं असतं तर माझंही सांगावं लागलं असतं. म्हटलं, तू सगळ्यांसमोर उभा राहिलास तेव्हा मला तुझा राग नव्हता आला रे. लाज वाटली होती. जे मी त्याच्या तोंडावर बोलायला हवं होतं, ते तू बोललास.

नेरिडा: बाबा...

नेव्हिल: मध्ये बोलू नकोस, परत नाही सांगायचो. म्हटलं, माझं चुकलं. रविवारी ये. आई मटण भाजेल.

कोरल: आणि... तो काय म्हणाला?

नेव्हिल: त्याला बोलायची कुठे परवानगी आहे? मान हलवली. चांगली दोनदा-तीनदा हलवली. मग मला जवळ घेतलं. मी आयुष्यात कोणासमोर असा रडलो नसेन. पण सोडलं नाही त्यानं. पाठीवर थोपटत राहिला. शेवटी टाळी द्यायला पंख पुढे केला. मी म्हटलं, गाढवा, अजून तस्साच आहेस.

नेरिडा: आई, नको.

नेव्हिल: काय नको?

नेरिडा: काही नाही. बाबा, चिप्स खा तू. आई, नको ना. उद्या बघू. घरी गेल्यावर मी बघते काय ते.

कोरल: अजून एक झाकून ठेवायचं? आधीची कमी पडली? नेव्हिल, तो ब्रेट नव्हता.

नेव्हिल: कोण?

कोरल: सकाळी तू ज्याच्याशी बोललास तो. मी आत्ता ज्याला मिठी मारली तो. ब्रेट ईस्टरला काम सोडून डार्विनला गेलाय.

नेव्हिल: काहीतरीच. मान हलवली ना त्यानं.

नेरिडा: त्यांना तसंच शिकवतात बाबा. बोलायचं नाही, मान हलवायची. कोणी रडलं तर जवळ घ्यायचं.

नेव्हिल: मग मी बोललो कोणाशी?

नेरिडा: असेल कोणीतरी कॉलेजातला मुलगा. सुट्टीपुरता कामाला ठेवलेला.

नेव्हिल: त्यानं सगळं ऐकलं.

कोरल: ऐकलं तर ऐकलं.

नेव्हिल: माझ्या बापाचं ऐकलं. शेडचं ऐकलं. आता तो डबा खाताना मित्रांना सांगत असेल, आज एक म्हातारा आला होता. तू मला हे सकाळी का नाही सांगितलंस, नेरिडा?

नेरिडा: तुला माहीत आहे हेच मला माहीत नव्हतं! या घरात कोणाला काय माहीत आहे हे कोणी सांगतं का कधी?

कोरल: फोन दे तुझा, नेरिडा. त्याचा नंबर लाव.

नेव्हिल: काय करतेस?

कोरल: त्या पोराला जे सांगितलंस, तेच सांगायचंय. वाक्यं जुळवलेली आहेत तुझी. आणि हा बोलू शकतो. उत्तर देईल.

नेव्हिल: नाही.

कोरल: नाही म्हणजे?

नेव्हिल: एकदा बोललो मी, कोरल. सगळं बोललो. आता आत काही उरलेलं नाही.

कोरल: ज्याच्यासाठी होतं त्याला मिळालंच नाही!

नेव्हिल: त्याला मी काय करू? तिथे त्याचं तोंड दिसत नव्हतं म्हणून जमलं. पक्ष्याशी बोलल्यासारखं बोललो. खऱ्या माणसाशी मला नाही येत बोलता. तुला माहीत आहे, नाही येत.

कोरल: सहा वर्षं मी तुला भिऊन गप्प बसले. माझ्या पोराच्या खोलीचं दारसुद्धा पाहिलं नाही. तू आज गप्प बसलास, तर टुवुंबाला तू एकटाच जायचंस. मी इथूनच विमानात बसेन. डार्विनला. खोटं वाटत असेल तर बघच.

नेरिडा: आई, लागला फोन. वाजतोय.

कोरल: त्याच्या हातात दे.

नेव्हिल: कोरल, ऐक...

कोरल: कानाला लाव.

नेरिडा: बाबा, प्लीज. उचलला त्यानं.

नेव्हिल: हॅलो... नाही, नेरिडा नाही. मी आहे... हो, मीच... नाही नाही, आई बरी आहे. सगळे बरे आहेत. काही झालेलं नाही... ऐकतोयस ना? ... हां... नाही, म्हटलं, तिकडे गरम असेल आता... हो का... इथे बरी आहे हवा... ब्रेट, मी... हं... बरं, थांब. आईला देतो.