नाक आमचं, चाकं व्याह्यांची

माननीय अध्यक्ष, मंचावर दाटीवाटीनं बसलेले पाहुणे, गॅरेजवाले, गाडीवाले, माझ्या लेकीच्या सासरची माणसं, आणि माझं भाषण कधी संपतंय याची मागे उभं राहून वाट बघणारे सगळे, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

आज माझे व्याही त्यांचं गॅरेज बंद करताहेत. माझ्या आधी जेवढे बोलले, तेवढ्यांनी मिस्त्रींना देवमाणूस ठरवलं. मी त्यांची विहीण. मला देवमाणूस काही दिसला नाही. मला दिसला एक हट्टी माणूस, ज्यानं जन्मभर गिऱ्हाइकाला दोनच वाक्यं ऐकवली: चूक तुमच्या चालवण्यात आहे, आणि उद्या या. खोटं बोलत असेन तर त्यांनी इथेच सांगावं. बघा, हसताहेत.

तर तो ट्रकचा किस्सा. अर्ध्या सभागृहानं डोळ्यांनी पाहिलाय, पण जो तो वेगळाच सांगतो, म्हणून मी सांगते.

माझी लेक आणि जावई, म्हणजे मिस्त्रींचाच मुलगा, वर टेकाडावर राहतात. गाई पाळतात. वर जायला मातीची वाट, आणि मधे दोन खडकांच्या बेचक्यातून वळण. नवे ट्रक तिथे मावत नाहीत. मावतो तो एकच, माझ्या सासऱ्यांच्या वेळचा, गोल नाकाचा. पण त्याची मागचीच चाकं ओढायची. चिखल झाला की तो वळणावर घसरायचा आणि दुधाचे कॅन वरच राहायचे. नासलेलं दूध ओतून देताना माझ्या लेकीचं तोंड मी पाहिलंय. शेवटी जावई म्हणाले, अजून एक पावसाळा असा गेला तर गाई विकायच्या, घराला कुलूप घालायचं आणि शहरात पहारेकऱ्याची नोकरी धरायची.

मिस्त्रींनी ऐकून घेतलं. थोड्याच दिवसांत भंगारातून एक गाडी ओढून आणली, चारही चाकांनी ओढणारी. वरचं सगळं गंजलेलं, पण खालची चासी, म्हणजे चाकांसकटचा सांगाडा, दणकट. बेत असा, की आमच्या ट्रकचं नाक, इंजिन आणि हौदा उचलायचा आणि त्या चासीवर ठेवायचा. मी म्हटलं, व्याहीबुवा, धड एकाचं आणि पाय दुसऱ्याचे, हे चालायचं कसं? ते म्हणाले, विहीणबाई, तुमची मुलगी आमच्या घरात आणली तेव्हाही लोकांनी हेच विचारलं होतं.

चासी लांब होती, ती कापून आखूड केली. इंजिन ठेवायला गेले तर अडलं. पुढच्या दोन चाकांना जोडणारा जो दांडा, त्याला एका बाजूला लोखंडी गोळा असतो. चाकं फिरवणारे दाते त्याच्या पोटात. तो नेमका आमच्या इंजिनाच्या ऑइल चेंबरला खालून टेकायला लागला. मिस्त्रींनी डोकं लढवलं आणि अख्खा दांडाच उलथा करून बसवला, म्हणजे डावीकडचा गोळा उजवीकडे गेला. इंजिन अलगद बसलं. स्वारी इतकी खूश, की त्या दिवशी गिऱ्हाइकांना चहा पाजला.

मग चाचणी. सगळ्यांना आवतण. अध्यक्षसाहेब, तुम्ही पांढरे बूट घालून आला होतात, आठवतं ना? चढाच्या तोंडाशी ट्रक उभा, जावई स्टेअरिंगवर. त्यांनी चारही चाकं जोडणारा खटका ओढला आणि काय सांगू, मागची चाकं कामाला निघाली आणि पुढची घरी. मागची चढाकडे ढकलताहेत, पुढची उताराकडे. ट्रक जागच्या जागी थरथरत चिखलात रुतत गेला, आणि अध्यक्षसाहेबांचे बूटही गेले.

लोक हसले. मीही हसले असते, पण लेक शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, "आई, गाईंना चांगलं गिऱ्हाईक बघ."

तोवर मिस्त्रींना कारणं पुरवणारे पुढे सरसावले होते. एक म्हणाला, चिखलच फार. दुसरा म्हणाला, पोरानं क्लच नीट सोडला नाही. आयती कारणं, ताटात वाढलेली. व्याह्यांची सवय मला ठाऊक, त्यामुळे त्यातलं कोणतं उचलतात याचीच मी वाट बघत होते.

ते चिखलात आडवे होऊन ट्रकखाली शिरले. बाहेर आले ते नखशिखांत माखलेले. माझ्या लेकीसमोर उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गाडीत खोट नाही, तुझ्या नवऱ्यातही नाही. गोळा उलटा केला तर चाकं उलटी फिरणार, हे मला कळायला हवं होतं. माझं चुकलं, पोरी. गाई विकू नकोस."

मिस्त्रींच्या बायकोनं माझा दंड धरून विचारलं, काय म्हणाले हे? उभ्या संसारात तिनं ते ऐकलं नव्हतं.

सगळं परत उतरवलं. गोळा मूळच्या जागी आणला आणि चेंबर कापून नव्यानं घडवलं. हे आधीच करायचं होतं, पण किचकट म्हणून टाळलं होतं. दुसऱ्या चाचणीला कुणालाच बोलावलं नाही. मी गेले, मला कोण अडवणार? ट्रक चढाला लागला, चारही चाकं एकमतानं. वळणावर जरा थबकला, खडकांमधून नाक काढलं आणि दिसेनासा झाला. खाली मी आणि व्याही वर कान लावून उभे. मग वरून हॉर्न वाजला, लांबलचक. मिस्त्री होते तिथेच दगडावर बसले. मला अशी कडकडून भूक लागली, की सकाळपासून पोटात काही नाही हे तेव्हा आठवलं.

तेव्हापासून वरचं दूध एकदाही ओतावं लागलेलं नाही.

आता व्याह्यांचा खांदा वर जात नाही, म्हणून ते हत्यारं खाली ठेवताहेत. त्यात रडण्यासारखं काय आहे? दहाही बोटं शाबूत घेऊन गॅरेजबाहेर पडणारे मिस्त्री मी फार पाहिलेले नाहीत. मघाशी कुणीतरी कुजबुजलं, बापाचा निरोप आणि मुलगा-सून हजर नाहीत. नसणारच. ही धारा काढायची वेळ आहे. दोघं वर, आपल्या गोठ्यात आहेत. व्याहीबुवा, त्या दोन रिकाम्या खुर्च्या बघून खट्टू होऊ नका. आजचा खरा सत्कार तोच.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि पंखा माझ्याकडे वळवणाऱ्या भल्या माणसाचे आभार. बोलण्यात कुणाला काही लागलं असेल तर पोटात घाला. त्यातलं बरंचसं मी मुद्दामच बोलले, पण माफी मागायची रीत आहे, ती मागते. मी बोलून मोकळी झाले, तुम्ही ऐकून मोकळे व्हा.