देविदास सरांच्या विनाशिका

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे प्रमुख माननीय बसलिंगप्पा साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती देविदास सर, त्यांच्या सौभाग्यवती सुमनबाई, सहकारी बंधुभगिनी आणि विद्यार्थी मित्रहो,

मी मराठी शिकवते. आज निवृत्त होणाऱ्या विज्ञानाच्या शिक्षकांवर बोलायला मलाच का उभं केलं, ते मला अजून कळलेलं नाही. सर, चुकले तर खुर्चीतूनच खूण करा.

आपल्या बिलोलीपासून समुद्र किती लांब! तरी इथली पोरं ‘वेग’ शिकली ती इंग्रजांच्या पहिल्यावहिल्या विनाशिकांवरून, म्हणजे वेगवान लढाऊ नौकांवरून. का? सरांनी कधी सांगितलं नाही. मला समजलं ते एवढंच, की टॉर्पेडो सोडणाऱ्या छोट्या पाणतीर-नौका मोठी जहाजं बुडवतील अशी धास्ती पडली, म्हणून त्यांना पळत गाठणाऱ्या नौका हव्या झाल्या. आरमारानं वेग ठरवून दिला, तीस नॉट, म्हणजे ताशी तीस सागरी मैल. बाकी ज्या त्या कारखान्यानं आपल्या अकलेनं बांधावं. मग काय? कुणाला दोन धुराडी, कुणाला तीन, कुणाला चार! पुढं धुराडी मोजूनच त्यांचे वर्ग पाडले. चारवाल्या ‘बी’, तीनवाल्या ‘सी’... की उलटं? सर नुसतेच हसताहेत.

त्या नौकांचं नाक कासवाच्या पाठीसारखं गोल केलं, पाणी ओघळून जावं म्हणून. झालं भलतंच, पाणी उसळून सुकाणूवाल्याच्याच अंगावर! आणि तो तीस नॉटचा वेग? तो चाचणीच्या दिवशी, शांत पाण्यात, हलक्या ओझ्यावर. रोजच्या कामात काही तो मिळाला नाही. सर म्हणायचे, “म्याडम, तपासणीचे साहेब आल्यावर आपली शाळा कशी पळती? तसंच हाय ते.”

परवा सरांनी मला व्हरांड्यात गाठलं. “निरोपात माझा चाचणीचा वेग सांगू नका. रोजचा सांगा.” तेव्हापासून माझा गोंधळ उडालाय. रोजचा म्हणजे काय सांगू? सर तापट आहेत, हे सांगू? शिकवायला लागले की त्यांना घंटा ऐकू येत नाही आणि माझा तास ते खुशाल खाऊन टाकतात, हे सांगू? बघा, सांगून बसले.

समारंभ झाला की सत्कारमूर्तींना फुलांच्या जीपमधून वाजतगाजत घरी सोडायचं, ही आपली रीत. काल ते सांगायला घरी गेले, तर सुमनबाई म्हणाल्या, “आणून सोडा, हाव. पण दुसऱ्या दिवशी दहाला ह्यांचं मी काय करू?”

उद्या दहाला दहावी ‘ब’चं आम्ही काय करणार, हेही कुणाला माहीत नाही. परीक्षा तोंडावर आली आहे आणि सरांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. मला तर भीतीच वाटते.

साहेब, त्या नौका जुन्या झाल्या, मागं पडल्या. मग महायुद्ध आलं आणि त्याच म्हाताऱ्या नौका किनाऱ्याच्या गस्तीला पुन्हा जुंपल्या. तेव्हा त्यांचा वेग कुणी विचारला नाही. सरांना तसं पुन्हा जुंपणं आपल्या नियमात बसतं का, मला ठाऊक नाही. मी निरोप देतेय की बोलावणं करतेय, तेही आता कळेनासं झालंय.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात धुराडी कमी-जास्त झाली असतील, नक्कीच झाली असतील. त्याची माफी आज मागत नाही. सर, ती चूक तुम्हीच दुरुस्त करा. उद्या, पहिल्या तासाला, दहावी ‘ब’च्या फळ्यावर.