मावशीचा फ्लॅश

आमच्या सुमनमावशीची गंमत सांगितली का तुम्हाला? निवृत्त झाल्यापासून तिला धायरीच्या घरामागे झुडपांत जाळी विणणाऱ्या कोळ्यांचे फोटो काढायचा नाद लागलाय. कॅमेऱ्यावर लावायचा फ्लॅश घ्यायला मी तिच्याबरोबर दुकानात गेले. तिने सगळ्यात स्वस्त मागितला.

दुकानदार म्हणाला, "त्यात ऑटो नाही, काकू. उजेड हाताने कमी-जास्त करावा लागतो. तुम्हाला नाही जमणार. हा महागातला घ्या."

"हात शाबूत आहेत माझे."

तो माझ्याकडे वळला. "अहो, तुम्ही तरी समजवा यांना."

मावशी कडाडली, "तिला काय सांगताय? फ्लॅश मी वापरणार आहे!"

त्याने स्वस्तातला काढून दिला. "फोटो बिघडले तर परत घेणार नाही हं."

"बिघडले तर पुन्हा काढीन. कोळ्यांना कुठे मुहूर्त गाठायचाय?"